वहीतले चित्रपट

भाऊबीजेला बहिणीकडे जाताना भावाने ओवाळणी न्यावी, मुलांसाठी फटाके न्यावेत, फार तर बाकरवडीचा एखादा पुडा न्यावा. सल्ला मात्र नेऊ नये. ओवाळणी तबकात पडते आणि संपते, फटाके अंगणात वाजून संपतात. सल्ला तसा संपत नाही. तो घरात राहतो, वाढतो, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत जाब विचारू लागतो. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

ढोकी हे माझ्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे सासर. आमच्या पुण्याच्या वाचकांपैकी कोणी लातूरची रात्रीची गाडी धरली असेल, तर पहाटेच्या साखरझोपेत हे स्टेशन त्याच्या नकळत मागे पडले असेल. साखरझोप हा शब्द इथे शोभतोही, कारण तेरणा सहकारी साखर कारखाना ढोकीचाच. जवळच गोरोबाकाकांचे तेर. अशा या गावी आमचे दाजी बत्तीस वर्षे गणित शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. गावात त्यांना कोणी नावाने हाक मारीत नाही. लहानथोर सारे ‘गुरुजी’च म्हणतात.

गेल्या भाऊबीजेला जेवणे झाल्यावर भाचीने टीव्हीवर एक चित्रपट लावला. तो कुठल्या वाहिनीवरचा नव्हता. महिन्याची वर्गणी भरली की इंटरनेटवरून हवा तो चित्रपट हव्या त्या वेळी दाखवणाऱ्या कंपन्या असतात, त्यांपैकी एकीचा होता. कंपनीचे नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोगही नाही. चित्रपट सुरू होताच मी सुपारी कातरीत म्हणालो, “दाजी, या कंपनीचे शंभर शेअर आहेत माझ्याजवळ. आता लोक थिएटरात जातात कुठे? उद्याचा सारा सिनेमा असाच घरात येणार. अजून भाव खाली आहे, घेऊन ठेवावेत.”

बोलून मी लवंडलो आणि वामकुक्षी घेतली. दाजींना मात्र झोप आली नसावी. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. “घेतले बरं का. चौदाशे. एकशे चाळीसच्या भावानं.”

मी मनात गुणाकार केला. एक लाख शहाण्णव हजार! माझे शंभर शेअर म्हणजे हौस होती. दाजींचे चौदाशे म्हणजे ग्रॅच्युइटीचा मोठा लचका होता. मी विचारले, “आक्काला ठाऊक आहे?”

“तिला कशाला उगीच काळजी?” दाजी म्हणाले.

त्याच वेळी मला घाम फुटायला हवा होता. पण भाव त्या आठवड्यात एकशे एकेचाळीस झाला होता, आणि चढत्या भावात माणसाला घाम फुटत नाही.

आता गणिताचा शिक्षक शेअर घेऊन स्वस्थ बसेल, ही गोष्ट शक्य नाही. दाजींनी दोनशेपानी वही आणली, तिच्यावर रेघा आखल्या, आणि दर रविवारी सकाळी त्या कंपनीच्या यादीत किती चित्रपट आहेत हे मोजायला सुरुवात केली. भाचीने फोनवर यादी सरकवीत नावे वाचायची आणि दाजींनी पाच-पाचचे गठ्ठे पाडीत रेघोट्या मारायच्या. एकूण आकडा लाल शाईत. त्यांचा तर्क साधा होता. वाचनालय कसे चालते? पुस्तके वाढली तर वर्गणीदार वाढतात, आणि वर्गणीदार वाढले की वाचनालयाचे बरे चालते. तेव्हा चित्रपट वाढतात की नाही, एवढेच पाहायचे.

तर्कात खोट नव्हती, पण चित्रपट वाढेनात. दिवाळीच्या आठवड्यात ते एक हजार दोनशे बारा होते, संक्रांतीला एक हजार दोनशे एकोणीस, आणि होळीला पुन्हा एक हजार दोनशे पंधरा! आणि एव्हाना ही चिंता एकट्या दाजींची राहिली नव्हती. गुरुजींनी घेतले म्हणजे हिशेब करूनच घेतले असणार, या विश्वासाने गावातल्या आणखी तिघांनी थोडेथोडे घेतले होते: एक मेडिकलवाले, एक एस. टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, आणि एक ऊसवाले शेतकरी. माझ्या सुपारीच्या एका खांडाने ढोकीतली चार घरे शेअरबाजारात उतरली होती.

संध्याकाळी मेडिकलच्या बाकड्यावर या चौघांची बैठक बसे. तिथले तर्क मला फोनवर कळत. कंडक्टर म्हणत, “गाडी भरल्याबिगर सुटत नसती. कंपनी मुद्दाम थांबलीया. एकदम दिवाळीला हजार पिक्चर सोडंल, बघा.” ऊसवाले म्हणत, “दुसरी मोठी कंपनी हिला विकत घ्यायलीय, म्हणून खर्च बंद केलाय.” मेडिकलवाले बोलत कमी, पण भाव रोज चारदा पाहत. आणि दाजी वहीतल्या आकड्यांचा आलेख काढीत. आलेख कसला, सपाट माळ होता तो. तोवर शेअरचा भाव मात्र सपाट राहिला नाही. चैत्रात एकशे वीस, ज्येष्ठात एकशे दहा.

ढोकीच्या माणसाला शेअर ही वस्तू नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. सहकारी कारखान्याचा शेअर त्या भागात घरोघर असतो. पण त्या शेअरला भाव नसतो, नाते असते. आपला ऊस आपल्या कारखान्याला जाणार, दिवाळीला सवलतीची साखर मिळणार, वार्षिक सभेत उभे राहून चार शब्द ऐकवता येणार. तेरणेचे धुराडे मध्यंतरी बरीच वर्षे थंड होते, तेव्हा ते थंड आहे हे साऱ्या गावाला अंगणातून दिसत होते. या नव्या कंपनीचे धुराडे कुठे आहे तेच कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून बिचारे चित्रपट मोजीत होते.

आषाढात आक्काचा फोन आला. ती एवढेच म्हणाली, “एकदा येऊन जा. पोरीच्या ॲडमिशनचं बघायचंय.” तिच्या आवाजात काही नव्हते, आणि आक्काच्या आवाजात काही नसले की मी घाबरतो. भाची बारावी झाली होती आणि तिला पुण्यात फार्मसीला जायचे होते. फी आणि हॉस्टेल मिळून पोळ्याच्या आत लाखाच्या वर भरायचे होते. ते लाख कुठे होते, हे मला ठाऊक होते.

जाण्यापूर्वी मी एक काम केले, जे खरे म्हणजे सल्ला देण्यापूर्वी करायला हवे होते. कंपनीचा वार्षिक अहवाल वाचला, आणि हा धंदा मुळात चालतो कसा याची माहिती काढली. चार दिवस लागले. ते चार दिवस मी वर्षापूर्वी घातले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

जे कळले ते थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकीही कोणी अशी वही घातली असेल.

या धंद्यातली सर्वांत बडी कंपनी नेटफ्लिक्स. ती १९९७ साली कॅलिफोर्नियात निघाली तेव्हा इंटरनेटवरून चित्रपट दाखवीत नव्हती, तर चित्रपटांच्या तबकड्या टपालाने घरपोच भाड्याने देत होती. २००२ च्या मे महिन्यात तिचे शेअर पंधरा डॉलरला बाजारात आले. २००७ साली तिने इंटरनेटवर चित्रपट दाखवायला सुरुवात केली, तेव्हा तिच्याजवळ तबकड्या होत्या सत्तर हजारांच्या आसपास शीर्षकांच्या, आणि इंटरनेटवर चित्रपट होते सुमारे एक हजार! तिकडचे छोटे भागधारकही आमच्या बाकड्यासारखेच बुचकळ्यात पडले असतील. सत्तर हजार चित्रपट घरात असताना पडद्यावर हजारच का?

कारण असे, की तबकडी आणि चित्रपट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. अमेरिकेच्या कायद्यात दुकानातून विकत घेतलेली तबकडी तुम्ही कोणालाही भाड्याने देऊ शकता. जसे वाचनालय पुस्तक विकत घेते आणि लेखकाला न विचारता शंभर जणांना वाचायला देते, तसेच. पण तोच चित्रपट तारेवरून घरोघर दाखवायचा म्हटला, की हक्काच्या धन्याकडे जावे लागते, किंमत ठरवावी लागते, आणि तो हक्क अमुक देशापुरता आणि अमुक वर्षांपुरताच मिळतो. म्हणजे वाचनालयाची उपमाच चुकली. हे वाचनालय नव्हे, ही खानावळ आहे. भांडी आपली, भाजी रोज विकत आणायची.

२००८ साली नेटफ्लिक्सने स्टार्झ नावाच्या कंपनीशी करार केला आणि एका झटक्यात सुमारे अडीच हजार शीर्षके मिळवली. त्या दिवशी एखाद्या दाजींनी वहीत केवढी मोठी रेघ मारली असेल! पण २०१२ च्या फेब्रुवारीअखेर तो करार संपला आणि ते चित्रपट गेले. त्याच्या आदल्या वर्षी, २०११ मध्ये, वर्गणी वाढवण्यावरून ग्राहक रागावले, तेव्हा जुलैत तीनशे डॉलरच्या आसपास असलेला शेअर नोव्हेंबरात शंभराच्या पुष्कळ खाली आला होता. पुढे २०२२ च्या एप्रिलमध्ये तिमाहीत दोन लाख वर्गणीदार घटले म्हणून एका दिवसात पस्तीस टक्के पडला. तरी कंपनी टिकली आणि वाढली. पण त्या त्या दिवशी ज्याला मुलीची फी भरायची होती, त्याला ‘पुढे वाढणार आहे’ या गोष्टीचा काय उपयोग होता?

आपल्याकडचेही पाहावे. शेमारू हे नाव आपण जाणतो. ते १९६२ साली मुंबईत चक्क पुस्तकांचे वाचनालय म्हणून सुरू झाले, १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देऊ लागले, मग चित्रपटांचे हक्क गोळा करीत गेले, आणि २०१४ साली शेअरबाजारात आले. वाचनालयापासून बाजारापर्यंत बावन्न वर्षे! उलट इरॉस. २०१० साली एकशे पंचाहत्तर रुपयांना शेअर विकले. समूहाकडे तीन हजारांहून अधिक चित्रपटांचा संग्रह असल्याचे सांगितले जाई. पण २०१९ च्या जूनमध्ये कर्जाचे हप्ते थकले म्हणून पतमापन संस्थेने सर्वांत खालचा दर्जा दिला आणि शेअर कोसळला. २०२३ च्या जूनमध्ये सेबीने कंपनीच्या हिशेबांवरून अंतरिम आदेशही काढला. यादी मोठी होती, पण यादीने हप्ते भरले नाहीत.

मराठी चित्रपटांची तर आणखी निराळी गंमत आहे. जुना चित्रपट यादीत आणायचा तर आधी तो सापडायला हवा. निर्माता वारलेला, कंपनी बुडालेली, हक्क तीन मुलांत आणि एका सावकारात वाटलेले, आणि करारपत्रात इंटरनेट हा शब्द नाही, कारण तेव्हा इंटरनेटच नव्हते. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ मध्ये. त्यापूर्वीचे किती चित्रपट गोदामांत सडले याला गणती नाही. आणि जे जपले त्यांतलेही काही २००३ च्या जानेवारीत पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जळाले. जुन्या नायट्रेटच्या फिती त्या, ठिणगी पुरते. तेव्हा यादी हळूहळू वाढणे हा दर वेळी चालकांचा आळस नसतो.

ही शिदोरी घेऊन मी ढोकीला उतरलो. संध्याकाळी मेडिकलच्या बाकड्यावर सभा भरली. मी वर जे सांगितले ते सारे सांगितले. खानावळीची उपमा येताच आतापर्यंत गप्प असलेले मेडिकलवाले एकदम म्हणाले, “म्हणजे मालाला एक्सपायरी असती म्हणा की!”

मी चकित झालो. चार दिवस वाचून मला जे कळले ते त्यांनी एका शब्दात सांगितले. “अहो, माझ्या दुकानात बाराशे डबे आहेत आणि महिन्यानंही बाराशेच आहेत,” ते म्हणाले, “तर त्याचा अर्थ काय? नवीन काहीच आलं नाही, का शंभर आले न् शंभर तारीख संपून परत गेले? नुसते डबे मोजून कसं कळावं? गुरुजी, तुम्ही आले किती, गेले किती, ते वेगळं लिहिलंय का?”

दाजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बत्तीस वर्षे ज्याने मुलांना ‘रीत लिहा, नुसते उत्तर नको’ म्हणून छड्या मारल्या, त्याने स्वतःच्या वहीत नुसते उत्तर लिहिले होते. ते काही बोलले नाहीत. पण भाची दाराशी उभी होती, ती म्हणाली, “बाबा, मागच्या पानांवर मी लिहिलंय.”

नावे वाचता वाचता कंटाळा येऊ नये म्हणून त्या पोरीने वहीच्या मागच्या बाजूने आपली वेगळी नोंद केली होती. नवे दिसले त्याला फूल, नाहीसे झाले त्याला काट. आम्ही दिव्याखाली वही धरली आणि मोजले. दिवाळीपासून त्या दिवसापर्यंत एकूण वाढ होती एकोणतीस चित्रपटांची. पण आले होते नव्वद, आणि गेले होते एकसष्ट.

“वाढ तर आहे की,” कंडक्टर म्हणाले.

मग मी त्या नव्वदांची नावे वाचली, आणि त्यांतल्या चौपन्नांवर माझे बोट थांबले. सारे कृष्णधवल, सारे १९६० च्या आधीचे. आपल्या कायद्याने चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. ‘श्यामची आई’ १९५३ चा, ‘संत तुकाराम’ १९३६ चा. अशा चित्रपटांवरचा तो हक्क आता कोणाचाच उरलेला नाही. गाण्यांचे नि कथेचे हक्क निराळे असू शकतात, पण चित्रपट म्हणून तो दाखवायला धनी शोधावा लागत नाही. हे चित्रपट मोलाचे नाहीत असे कोण म्हणेल? पण जे पाणी गावाच्या विहिरीचे आहे ते आपल्या हंड्यात दिसले, म्हणून आपली इस्टेट वाढली असे होत नाही. तेच चित्रपट उद्या दुसरा कोणीही लावील.

दाजींनी खिशातले पेन काढले. नव्वद वजा चौपन्न, छत्तीस. छत्तीस वजा एकसष्ट. त्यांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि वही माझ्याकडे केली. उणे पंचवीस.

म्हणजे पैसे मोजून आणलेले चित्रपट वाढत नव्हते, घटत होते. आम्ही आठ महिने ‘वाढ इतकी मंद का’ म्हणून वाद घातला होता, आणि वाढ मुळात नव्हतीच. अहवालातही तेच होते. कंपनीवरचे कर्ज वाढले होते, आणि हक्क विकत घ्यायचा खर्च कमी केला होता. तिथे ते छापलेले होते. वाचले कोणी नव्हते, सल्लागाराने तर मुळीच नाही. हे शेवटचे वाक्य मी बाकड्यावर मोठ्याने म्हटले. म्हणायलाच हवे होते.

ऊसवाल्यांनी मोठे मन दाखवले. म्हणाले, “भाऊ, तुम्ही सांगितलं, पण पैसे आमच्या हातानं दिले की नाही? मंद वाढीचं मला भ्या नाही. बार्शी लाइट आमच्या आज्यानं बघितली, लई सावकाश. तरी लातूरला पोचलीच ना?”

हेही खोटे नव्हते. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत ती छोट्या रुळांची गाडी १८९७ मध्ये आली, आणि ढोकीवरून लातूरला पोचली १९११ मध्ये. चौदा वर्षे. मिरजेला जायला १९२७ उजाडले. लंडनात नोंदलेली ती कंपनी, पुढे १९५४ मध्ये सरकारने घेतली. पण मला त्यातला फरक सांगावासा वाटला. ती गाडी हळू वाढली, तरी टाकलेला रूळ तिचा होता. दर पाच वर्षांनी मागचा रूळ कोणी उखडून नेत नव्हता. सावकाश वाढणे निराळे, आणि पुढे टाकताना मागचे निसटणे निराळे.

सभा उठली. घरी आलो तर आक्का ओट्याशी भाकरी थापीत होती. दाजी नि मी पाटावर बसलो. दोघांनाही वाटत होते की दुसऱ्याने बोलावे. शेवटी आक्काच बोलली, पाठमोरीच. “किती गेले?”

दाजींचा घास हातात राहिला. “तुला ठाऊक होतं?”

“दर रविवारी पोरीला घेऊन वही मांडून बसता. परीक्षेच्या वर्षाला पोरीकडून सिनेमे मोजून घेणारा बाप काय उगी मोजीत होता? मी म्हणलं, सांगतील आज ना उद्या.” तिने भाकरी तव्यावर टाकली. “मला सिनेमातलं कळत नाही. पोळ्याच्या आत फी भरायचीय, एवढं कळतंय.”

मी घाईघाईने म्हणालो, “आक्का, चूक माझी आहे. फीचे मी भरतो.”

आता ती वळली. “तू ओवाळणी घालतोस तेवढी पुरे. ह्यांनी न विचारता दिले, तू न वाचता सांगितलं. दोघांचं फिटलं. आता काय करायचं ते बोला.”

तेरला गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कोणाचे मडके कच्चे आणि कोणाचे पक्के हे पाहिले, अशी कथा आहे. नामदेवांसारख्यांचे तिथे कच्चे ठरले. मग दाजी आणि मी कोण? त्या रात्री आक्काने थापटणे न उचलता दोन मडकी पाहिली, आणि दोन्ही कच्ची निघाली.

त्या रात्री झोप लागेना तेव्हा मला दादासाहेब फाळके आठवले. पहिला चित्रपट काढण्यापूर्वी त्यांना भांडवल हवे होते, आणि या नव्या धंद्यावर पैसे लावायला कोणी धजत नव्हते. तेव्हा १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याचे दिवसादिवसाने थोडेथोडे चित्रण केले, आणि महिनाभराची वाढ मिनिट-दीड मिनिटात पडद्यावर दाखवली. बी फुटते, कोंब वर येतो, वेल चढतो! पाहणारे थक्क झाले आणि पैसे उभे राहिले. पुढच्याच वर्षी ‘राजा हरिश्चंद्र’ आला. मला वाटते, शेअरबाजारात उतरणाऱ्या आम्हा छोट्या माणसांना नेहमी तो मिनिटाचा वाटाणा पाहायचा असतो. महिनाभर पाणी घालायची तयारी कोणाची असते? आणि दुसरीही गोष्ट आठवली. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. पण ते दागिने सरस्वतीबाईंच्या डोळ्यांदेखत गेले. फिल्म धुण्यापासून ते साऱ्या कंपनीचा स्वयंपाक करण्यापर्यंत त्या त्या उद्योगात होत्या. आमच्या आक्काला वहीसुद्धा कोणी दाखवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी एक हजार शेअर विकले. भाव मिळाला एकशे चार. विकलेल्या शेअरांवर छत्तीस हजारांची खोट बसली, आणि फीचे एक लाख चार हजार हाती आले. उरलेले चारशे त्यांनी ठेवले आहेत. का ठेवले म्हणून मी विचारले नाही. माणसाला चुकीचाही थोडा भाग जवळ ठेवावासा वाटतो. मेडिकलवाल्यांनी सारे विकले. कंडक्टरांनी एकही विकला नाही. त्यांची गाडी अजून भरायची आहे. ऊसवाले तोडणीच्या हंगामापर्यंत थांबणार आहेत. माझे शंभर मी विकले आणि आलेल्या पैशांत भाचीला पुण्यात सायकल घेऊन दिली. ती आक्काने घेऊ दिली, कारण ती फी नव्हती, मामाची भेट होती.

तेव्हापासून भाव वर गेला की खाली, हे मी सांगणार नाही. वर गेला असेल तर कोणी म्हणेल, उगीच विकले. खाली गेला असेल तर म्हणेल, बरे झाले. पण फीची तारीख भावाला विचारून ठरलेली नव्हती, आणि ज्या पैशाला तारीख आहे तो अशा ठिकाणी ठेवायचाच नसतो. एवढे मला चार दिवस वाचून आणि एक रात्र जागून कळले.

दाजींची वही अजून चालू आहे. भाची पुण्यात, म्हणून आता नावे आक्का वाचते. वहीत चार रकाने आहेत: आले, गेले, कोणाचे, कधीपर्यंत. शेवटचे दोन रकाने पुष्कळदा कोरे राहतात, कारण कंपनी ते सांगत नाही. “कोरा रकाना म्हणजेसुद्धा माहितीच की,” असे दाजी म्हणतात. आक्काला मात्र वेगळाच फायदा झाला आहे. मोजता मोजता तिला लहानपणी तेरच्या यात्रेत तंबूच्या सिनेमात पाहिलेला एक चित्रपट सापडला. त्या रविवारी मोजणी अर्ध्यावर राहिली आणि दोघांनी बसून तो पुरा पाहिला.

परवा दाजींचा फोन आला होता. म्हणाले, “भाऊबीजेला येताय ना? सोबत काय आणताय?”

“बाकरवडी,” मी म्हणालो.

“आणि?”

“आणि काही नाही.”

“मग या,” दाजी म्हणाले, आणि मागून आक्काचे हसणे ऐकू आले.